छपराची पन्हळ

आमचे घर कौलारू होते, त्या काळातली आठवण आहे. मे महिन्याचा दुसरा पंधरवडा उजाडला, की आमचे वडील डोक्याला पंचा गुंडाळून छपरावर चढत. फुटकी कौले काढून नवी बसवणे, सरकलेली जागेवर आणणे, वाळवी लागलेला रिप बदलणे ही कामे दोन दिवस चालत. तिसरा दिवस मात्र ते केवळ पन्हळीला देत. दोन छपरे जिथे मिळतात, तिथल्या पत्र्याच्या पन्हळीत वर्षभराचा पालापाचोळा साचलेला असे. तो ते हाताने उपसून काढत आणि शेवटी आईने खालून दिलेला पाण्याचा तांब्या वरच्या टोकाला ओतून, पाणी खालच्या टोकाला अडथळ्याविना पडते की नाही ते पाहत. आम्ही खाली उभे राहून "आलं, आलं" असे ओरडावे, एवढेच आमच्या वाट्याचे काम. पुढे १९८८ साली स्लॅबचे घर झाले. कौले गेली, पन्हळ गेली आणि मे महिन्यातली ती धांदलही गेली. छपराकडे वर्षातून एकदा मान वर करून पाहायचे असते, ही गोष्ट आम्ही हळूहळू विसरून गेलो. ती आम्हांला पुन्हा शिकवली एका मोटारीने, आणि तीही बऱ्यापैकी दक्षिणा घेऊन.

२०२१ सालच्या नोव्हेंबरात आमच्या चिरंजीवांनी मोटार घेतली. आमच्या घराण्यात चार चाकांचे वाहन याआधी एकच होते, ते म्हणजे आजोबांची बैलगाडी. तेव्हा आनंद झाला नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. परंतु मोटार अंगणात आली, चिरंजीवांनी कुठलेसे बटण दाबले आणि तिच्या टपावरची काच सर्रकन मागे सरकली, तेव्हा आमच्या कपाळावर आठी पडली. नातीने टाळ्या पिटल्या. सौ.ने कौतुकाने मान डोलावली. आम्ही मात्र विचारले, "या भोकाचे किती पैसे जास्त मोजलेस?" त्याने आकडा सांगितला. सात वर्षांचे हप्ते आणि त्यात छपराला पाडलेल्या भोकाची किंमत! निवृत्त शिक्षकाच्या स्वभावाला अनुसरून आम्ही अंगणातच एक लहानसे व्याख्यान दिले. वसईच्या पावसात माणसे छपरे बुजवतात, उघडी करीत नाहीत, असा त्याचा मथितार्थ होता. चिरंजीव हसले. त्या हसण्यात थोडी खिन्नता होती, हे आमच्या फार उशिरा ध्यानात आले.

या 'सनरूफ' नावाच्या वस्तूचे मूळ आपल्याकडचे नव्हे. जिथे ऊन दुर्मीळ, तिथे उन्हाचे अप्रूप. युरोपातल्या करड्या आकाशाखाली वावरणाऱ्या माणसांना मिळेल तेवढा सूर्यप्रकाश मोटारीत घ्यावासा वाटला, तर त्यात नवल नाही. जर्मनीत १९३०च्या दशकात घडी करता येणारी कापडी छते मोटारींवर बसू लागली. अमेरिकेत नॅश या कंपनीने १९३७ साली सरकत्या छताच्या मोटारी विक्रीला काढल्या. तिकडे या छताचा खरा प्रसार केला तो हाइन्झ प्रेक्टर या जर्मनीहून गेलेल्या तरुणाने. १९६५ साली लॉस एंजेलिसमधल्या एका गॅरेजात तो लोकांच्या मोटारींची छते कापून त्यांत सनरूफ बसवून देऊ लागला, आणि त्यातून पुढे मोठा उद्योग उभा राहिला. आपल्याकडे ही चैन दीर्घकाळ श्रीमंतांच्या मोटारींपुरतीच होती. गेल्या काही वर्षांत मात्र ती मध्यमवर्गीयांच्या अंगणात उतरली. २०२४ साली तर चेन्नईजवळ सनरूफ तयार करणारा कारखानाही सुरू झाला. सारांश, वस्तू आली. तिची निगा कशी राखावी याचे शहाणपण मात्र तिच्याबरोबर आले नाही.

आता या मोटारीचे आमच्या घरातले स्थान सांगितले पाहिजे, म्हणजे पुढची हकिकत कळेल. २०२२च्या उन्हाळ्यात आमच्या मातोश्रींची मूत्रपिंडे निकामी झाली. वय ८३. डॉक्टरांनी आठवड्यातून दोन वेळा डायलिसिस सांगितले. मंगळवार आणि शुक्रवार, पहाटेची पाळी. साडेपाचला घर सोडायचे, सहाला रुग्णालयात पोहोचायचे, चार तास यंत्रावर काढायचे आणि उन्हे चढल्यावर गळून गेलेल्या देहाने परतायचे. चिरंजीवांनी कचेरीतल्या वेळा बदलून घेतल्या आणि आजीला नेण्या-आणण्याचे काम स्वतःकडे घेतले. रिक्षातल्या धक्क्यांनी तिचा जीव कासावीस होई. मोटारीत तिला पुढची सीट मागे कलती करून झोपवता येई. ती मोटार आता चैनीची उरली नव्हती. आमच्या मातोश्रींच्या आयुष्याचे दोन आठवडी खांब तिच्यावर उभे होते.

आम्ही या कामात हातभार लावला तो असा. अंगणाच्या कोपऱ्यात वडिलांनी लावलेली चिंच आहे. दुपारी परतताना आईला तापलेल्या मोटारीत बसावे लागू नये, आणि घरी उभी असतानाही ती तापू नये, म्हणून मोटार चिंचेच्या सावलीतच लावायची असा दंडक आम्ही घालून दिला. चिरंजीव एकदा म्हणाले, "पप्पा, पाला पडतो फार. पत्र्याच्या शेडखाली लावू का?" आम्ही म्हणालो, "तुझ्या आजोबांनी लावलेल्या झाडाची सावली आहे. पाल्याने मोटार बुडत नाही." हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे.

पहिला पावसाळा निर्विघ्न गेला. २०२३च्या जुलैत, आठवडाभर संततधार लागलेली असताना, मोटारीत प्रथम कुबट वास येऊ लागला. मग डाव्या बाजूच्या पायाखालचे कार्पेट दमट लागले. पुढे एके दिवशी वळण घेताना आतल्या छताच्या कापडातून, दिव्यापाशी, टप टप करीत पाण्याचे चार थेंब थेट मातोश्रींच्या कपाळावर पडले. त्या माउलीने डोळे न उघडता विचारले, "पोरा, आपण घरी आलो का?" जुन्या गळक्या घराची तिला आठवण झाली असावी. चिरंजीव शरमेने गप्प राहिले. आम्ही मात्र गप्प राहिलो नाही. "भोक पाडलेलं छप्पर गळणारच," हे आमचे भविष्य खरे ठरल्याचे समाधान आम्ही लपवले नाही.

त्यानंतर दुरुस्तीची यात्रा सुरू झाली. प्रथम गाठला तो मोटारींना सजावटीच्या वस्तू विकणारा एक दुकानदार. त्याने काच पाहिली, भोवतालच्या रबरावरून बोट फिरवले आणि "रबर गेलं" असे निदान करून चहूबाजूंनी सिलिकॉन भरून दिले. दीड हजार रुपये घेतले. परिणाम असा, की गळती थांबली नाहीच, शिवाय सिलिकॉनने काच चिकटून बसली. नातीने अजाणता बटण दाबताच मोटर घरघरली, काच तसूभर उचलली जाऊन थांबली आणि एका कोपऱ्यात रबर फाटले. आता खरोखरच भोक पडले होते. त्यानंतर मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेली. तिथल्या सभ्य तरुणाने संगणकावर पाहून सांगितले, की सनरूफचा सगळा संचच बदलावा लागेल, खर्च ७८ हजार रुपये, आणि सामान यायला तीन आठवडे. काय बिघडले आहे, असे विचारता तो म्हणाला, "सर, लीकेज आहे." हे आम्हांलाही ठाऊक होते.

७८ हजार! औषधांचा, यंत्राचा, हप्त्यांचा खर्च भागवून महिनाअखेर गाठणाऱ्या घरात हा आकडा म्हणजे दरड कोसळण्यासारखा. तीन आठवडे मोटार नसणे तर त्याहून कठीण. चिरंजीवांनी टपावर ताडपत्री बांधून गाडी वापरावी असे ठरवले. पुढच्या शुक्रवारी पहाटे पाचला आईला शालीत गुंडाळून, हाताला धरून मोटारीत बसवले. चिरंजीवांनी किल्ली फिरवली. समोरच्या काचेवरचे दांडे उगाचच दोनदा हलले, निरनिराळे दिवे लुकलुकले आणि सारे शांत झाले. पुन्हा किल्ली फिरवली, पुन्हा तेच. बाहेर धो धो पाऊस. रिक्षा मिळेना. अखेर शेजारच्या वाडीतल्या, भाजी वाहून नेणाऱ्या सद्गृहस्थांना झोपेतून उठवले. त्यांनी काही न विचारता आपला टेम्पो काढला. रुग्णालयात पोहोचायला सव्वासात वाजले. तिथल्या परिचारिकांनी पाळ्यांची जुळवाजुळव करून आईला यंत्रावर घेतले म्हणून निभावले. पण तोवर तिला धाप लागली होती आणि ओठ निळसर झाले होते.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभे राहून, ओल्या कपड्यांनी, आम्ही आपल्या चाळिशीच्या मुलाला चार माणसांदेखत बोललो. "तुझ्या हौसेपायी आज आई गेली असती." तो काही बोलला नाही. खाली मान घालून त्याने टेम्पोवाल्या शेजाऱ्यांचे पैसे विचारले, त्यांनी ते घेतले नाहीत. मग तो पायऱ्या उतरून पावसात जाऊन उभा राहिला. त्यानंतर आठवडाभर आमच्या घरात पितापुत्रांचे बोलणे जेवणाच्या ताटापुरते उरले.

रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात त्याच टेम्पोवाल्या शेजाऱ्यांनी एका जुन्या मिस्त्रीचा पत्ता दिला. महामार्गालगत पत्र्याच्या शेडमध्ये त्याचे गॅरेज. मोटार ओढून तिथे नेली. मिस्त्री पन्नाशी ओलांडलेला, बोलायला कमी. त्याने यंत्र लावले नाही, संगणक पाहिला नाही. कशीबशी काच मागे सरकवून घेतली, विजेरी धरली आणि आम्हांला जवळ बोलावले. "सर, इथं बघा. काचेच्या खाली चारी बाजूंनी ही पन्हळ असते."

पन्हळ! हाच शब्द त्याने वापरला. आम्ही चमकलो.

मग त्याने जे समजावून सांगितले, ते प्रत्येक सनरूफवाल्या घराने ऐकावे असे आहे. आपला समज असा, की काचेभोवतीचे रबर पाणी पूर्णपणे अडवते. ते तसे नसते. रबर बहुतेक पाणी थोपवते, पण थोडे पाणी आत झिरपणार हे गृहीत धरूनच ही रचना केलेली असते. झिरपलेले पाणी काचेखालच्या पन्हळीत उतरते. पन्हळीच्या कोपऱ्यांना भोके असतात आणि त्यांना बोटाहून बारीक अशा नळ्या जोडलेल्या असतात. बहुतेक मोटारींत अशा चार नळ्या असतात. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबांतून खाली उतरतात आणि पुढच्या दाराच्या बिजागरीच्या आसपास पाणी बाहेर सोडतात. मागच्या दोन नळ्या मागच्या खांबांतून उतरून मागच्या चाकांच्या बाजूला मोकळ्या होतात. नळ्या मोकळ्या असतील तर रबर थोडे जुने झाले तरी माणूस कोरडा राहतो. नळ्या तुंबल्या, की रबर कोरे करकरीत असले तरी पन्हळ भरून वाहते, आणि ते पाणी छताच्या कापडातून, खांबांच्या आतून, कार्पेटखाली जाऊन बसते.

आमच्या शिक्षकी डोक्याने लगेच गणित मांडले. एका चौरस मीटरवर १०० मिलीमीटर पाऊस पडणे म्हणजे १०० लिटर पाणी. मोटारीचा टप साधारण दोन चौरस मीटर धरला, तर तसल्या एका दिवसात त्यावर २०० लिटर पाणी पडते. मुंबईच्या सांताक्रूझ येथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २३०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस होतो. आमची वसई काही फार दूर नाही. या पाण्याचा शतांश वाटा जरी आत झिरपला, तरी एका पावसाळ्यात घागरी भरतील. आणि ते सारे पाणी वाहून नेणार कोण, तर करंगळीएवढ्या नळ्या.

मिस्त्रीने पेल्यात पाणी घेतले आणि पन्हळीच्या उजव्या कोपऱ्यात धार धरली. "खाली वाकून बघा, सर." आम्ही वाकलो. उजव्या चाकामागे पाणी टपटपू लागले. "आलं," आम्ही नकळत म्हणालो. मग त्याने डाव्या कोपऱ्यात ओतले. आम्ही वाट पाहिली. काही आले नाही. पाणी कोपऱ्यात तसेच तुंबून राहिले. मिस्त्रीने छताचे कापड एका बाजूने सैल केले, नळीत टोक बोथट केलेली नायलॉनची बारीक दोरी हलक्या हाताने सारली, फिरवली, ओढली. तिच्या टोकाशी काळसर चिखलाची गुठळी आली. ती त्याने तळहातावर घेतली, पाण्याने धुतली आणि आमच्यापुढे धरली. धुळीत कालवलेली चिंचेची पाने होती ती. एकेक पान तांदळाच्या दाण्याएवढे. दुसऱ्या पानांनी नळीच्या तोंडाशीच अडून राहावे, पण चिंचेचे पान नळीत सहज उतरते आणि आत जाऊन थरावर थर बसते.

"गाडी झाडाखाली लावता का, सर?" मिस्त्रीने विचारले.

चिरंजीव आमच्या शेजारी उभे होते. 'यांनीच लावायला सांगितली' हे शब्द त्यांना सहज उच्चारता आले असते. ते म्हणाले, "हो, लावतो मी."

आम्ही त्या क्षणी काही बोललो नाही, ही आमची दुसरी चूक.

मोटार चार दिवस मिस्त्रीकडे राहिली. चारही नळ्या साफ झाल्या. हवेच्या पंपाने जोरात हवा का मारत नाही, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, की जोराच्या हवेने नळी वरच्या तोटीपासून आतल्या आत निखळते, मग पाणी सरळ छतात, आणि नळी पुन्हा जोडायला सगळे छत उतरवावे लागते. सिलिकॉन खरवडून काढून फाटलेले रबर बदलले. काच सरकण्याच्या रेलमधले, धुळीने दगड झालेले जुने ग्रीस पुसून नवे ग्रीस बेताने लावले. सर्वांत चिकाटीचे काम कार्पेटचे होते. वरून ते नुसते दमट लागत होते, पण खालचा फोम स्पंजासारखा पाणी पिऊन बसला होता. सीट काढून, कार्पेट उचलून, दोन दिवस पंख्याखाली वाळवले. त्याच्याखालीच डाव्या बाजूला तारांच्या जोडण्यांचा गठ्ठा होता. त्यांच्या पितळी पिनांवर हिरवा गंज चढला होता. शुक्रवारी पहाटे मोटार का बसली, त्याचे उत्तर तिथे होते. पिना साफ झाल्या, सुदैवाने आतले यंत्र वाचले. "अजून पंधरा दिवस गेले असते तर तेही गेलं असतं," मिस्त्री म्हणाला. सगळ्याचे मिळून बिल झाले ४,२०० रुपये. त्या चार दिवसांत आलेल्या मंगळवारी टेम्पोवाल्या शेजाऱ्यांनी पुन्हा आपणहून गाडी दारात आणून उभी केली.

ही हकिकत आम्ही चार ठिकाणी सांगितली, तेव्हा कळले की या दुःखाचे सोबती पुष्कळ आहेत. एकाची काच मिटत आली की आपोआप पुन्हा उघडे. बोट चेमटू नये म्हणून अडथळा लागताच काच माघारी फिरावी अशी योजना बहुतेक सनरूफमध्ये असते. रेलमध्ये खडा, पान किंवा घट्ट झालेले ग्रीस असले, तर यंत्र त्यालाच बोट समजते. रेल पुसली की पुष्कळदा काम होते. बॅटरी बदलल्यावर किंवा उतरल्यावर यंत्र आपली जागा विसरते. मग बटण ठरावीक रीतीने दाबून धरून त्याला पुन्हा शिकवावे लागते. ती रीत प्रत्येक मोटारीची वेगळी, आणि ती मोटारीबरोबरच्या पुस्तिकेत दिलेली असते. आपण ते पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढत नाही, ही गोष्ट निराळी. काच मुळीच हलत नसेल, तर आधी फ्यूज पाहावा. मोटरचा आवाज येतो पण काच एकाच बाजूने सरकते, असे असेल तर आतली केबल किंवा प्लॅस्टिकचा सरकता तुकडा तुटलेला असण्याचा संभव. अशा वेळी बटण पुन्हा पुन्हा दाबू नये, तिरकी झालेली काच अधिक अडकते. वेगात शिटीसारखा आवाज येत असेल, तर काच टपाशी समतल बसलेली नसेल. स्क्रू सैल करून तिची उंची जुळवता येते. खडखड येत असेल, तर रबर कोरडे पडलेले असू शकते. ते ओल्या फडक्याने पुसून त्यावर रबराला चालणारे सिलिकॉनचे वंगण हलकेच लावावे. दुकानदाराने भरलेले चिकट सिलिकॉन ते हे नव्हे. इंजिनाचे तेल तर मुळीच लावू नये. आणि कुणी 'सगळा संच बदला' म्हणाले, तर आधी पेलाभर पाण्याची परीक्षा आपण स्वतः करावी आणि नेमका कोणता भाग निकामी झाला ते लेखी मागावे. मोटार वॉरंटीत असेल, तर बाहेर हात लावू देण्याआधी तेही तपासावे. आम्ही हा क्रम नेमका उलटा केला.

बिघाडाहून गंभीर अशी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडच्या वरातींत आणि सहलींत मुले सनरूफमधून कमरेपर्यंत बाहेर काढून उभी केली जातात. आमच्या नातीलाही तो मोह होताच. मोटार ४० किलोमीटरच्या वेगाने जात असता अचानक ब्रेक लागला, तर मोटार थांबते, मुलाचे शरीर त्याच वेगाने पुढे जाते आणि काचेची कड त्याच्या पोटाशी असते. जानेवारीत आडवा आलेला पतंगाचा मांजा, खाली लोंबणारी तार, आंब्याची फांदी यांचे भय निराळेच. पोलीस अशा प्रकारांवर धोकादायक रीतीने वाहन चालवल्याबद्दल मोटार वाहन कायद्याखाली कारवाई करतात. पण दंडाच्या भीतीपेक्षा आपल्या लेकराकडे पाहून थांबावे. काच प्रकाशासाठी आहे, उभे राहण्यासाठी नव्हे.

मोटार घरी आली त्या संध्याकाळी आम्ही चिरंजीवांना अंगणात गाठले. क्षमा मागण्याची सवय आमच्या पिढीतल्या बापांना नाही. शब्द घशाशी अडतात, नळीतल्या पाल्यासारखे. आम्ही एवढेच म्हणालो, "गाडी शेडखाली लाव. चूक माझी होती. रुग्णालयात बोललो, तेही चुकलंच." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पप्पा, तुम्ही कधी आजीला विचारलंत का, तिला ते छप्पर का आवडतं?"

आम्ही विचारले नव्हते. आजीला ते आवडते, हेच आम्हांला ठाऊक नव्हते. पुढच्या मंगळवारी आम्ही प्रथमच त्यांच्याबरोबर मागच्या सीटवर बसून रुग्णालयात गेलो. परतताना आई कलत्या सीटवर डोळे मिटून पडली होती. गाव जवळ आले तसे चिरंजीवांनी काच बंदच ठेवून आतला पडदा तेवढा मागे सारला. आईने डोळे उघडले. माड गेले, शेवरीचे झाड गेले, केळीच्या वाडीवरचे मोकळे आभाळ आले. आई पडल्या पडल्या एकेक झाड ओळखत होती आणि कुणाच्या वाडीतले ते सांगत होती. काही वाड्यांच्या जागी आता इमारती उभ्या आहेत. तिथे ती काही क्षण थांबे आणि मग पुढचे नाव घेई. चार तास छताच्या पंख्याकडे पाहत पडलेल्या बाईला रस्ता दिसत नव्हता, पण आभाळावरून आपला गाव कळत होता. गेले वर्षभर दर मंगळवारी आणि शुक्रवारी हे चालले होते. ज्याला आम्ही भोक म्हणत होतो, त्यातून आमची आई घरी येत होती.

२०२४च्या फेब्रुवारीत मातोश्री गेल्या. शेवटच्या शुक्रवारपर्यंत त्या त्याच मोटारीतून गेल्या आणि आल्या. त्यानंतर कपाळावर थेंब पडला नाही.

आता मे महिन्याचा दुसरा पंधरवडा उजाडला, की आम्ही स्टूल घेऊन शेडमध्ये जातो. चिरंजीव काच सरकवतात. आम्ही ओल्या फडक्याने पन्हळ पुसतो, कोपऱ्यांतली धूळ काढतो. मग सौ. स्वयंपाकघरातून तांब्या आणून देते. आम्ही चारही कोपऱ्यांत पाळीपाळीने धार धरतो आणि नात मोटारीखाली वाकून पाहते.

"आलं, आजोबा, आलं!" ती ओरडते.